गजभिये मॅडमचा नवतपा

आजही एखाद्या संगणकाचं झाकण उघडायची वेळ आली की माझा हात आधी खिडकीच्या गजाकडे जातो. मी कॉमर्सचा मास्तर. संगणकाचं झाकण उघडायचं मला खरं तर काही कारण नाही, आणि उघडलं तरी आत काय बघायचं ते कळत नाही. पण गज धरल्याशिवाय हात आत जात नाही. ही सवय मला शालिनी गजभिये मॅडमनी लावली. आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबच्या त्या प्रमुख होत्या, आणि लॅबमध्ये पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकासाठी त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "आधी खिडकीले हात लावा."

अंगावर साठलेली वीज लोखंडात उतरून जावी, आतल्या रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या स्मृतीच्या, पट्टीला तिचा झटका बसू नये, एवढंच त्यामागचं शास्त्र. पण मॅडमच्या अंगात ते इतकं भिनलं होतं की हळूहळू त्या कशालाही हात लावण्याआधी लोखंड शोधू लागल्या. मस्टरवर सही करण्याआधी गज. डब्याचं झाकण उघडण्याआधी गज. आमच्या शिपायाच्या नातीच्या बारशाला गेलो होतो, तेव्हा बाळ हातात घेण्याआधी त्यांनी खिडकीकडे धाव घेतली. खिडकी लाकडी निघाली, म्हणून पलंगाचा लोखंडी पाय धरला. सगळे खो खो हसले. मॅडमही हसल्या, पण पाय सोडला नाही.

त्यांचं घर नागपुरातच, इंदोऱ्याला, नवरा रेल्वेत, मुलगी पुण्याला नोकरीत. याहून जास्त मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. बुटक्या होत्या, चालायच्या मात्र भरभर. खांद्याला पर्स नसायची, कापडी पिशवी असायची आणि उन्हाळ्यात त्या पिशवीत लू, म्हणजे गरम वाऱ्याची झळ, लागू नये म्हणून एक कांदा असायचा. मॅडम आल्या हे आम्हाला दिसण्याआधी वासानं कळायचं.

लॅबमध्ये सकाळी त्यांची फेरी असे. प्रत्येक संगणकाच्या डब्याला त्या उजव्या हाताची मागची बाजू लावायच्या, क्षणभर थांबायच्या, पुढं जायच्या. आजारी पोराच्या कपाळाला आई लावते तशी. "तळहाताले कळत नाही सर, मागच्या बाजूले बरोबर कळते," असं त्या मला सांगायच्या. मी थट्टेनं विचारायचो, "कुणाला ताप आहे का आज?" त्या गंभीरपणे म्हणायच्या, "आत्ता नाही. दुपारचं सांगता येत नाही."

दुपारचं सांगता येत नाही, हाच त्यांच्या आयुष्याचा सूर होता. इतकी काळजी करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाटायचं की यामागे काहीतरी कारण असणार, लहानपणी काही झालं असणार. आमच्या एका सहकारी बाईंनी एकदा विचारलंच. मॅडम भाबडेपणानं म्हणाल्या, "कारण कशाले पाहिजे वं? काळजी काय कोणी आणून देते काय? घरचीच असते ते."

त्यांच्याबरोबर एकदा मी सीताबर्डीला संगणकाच्या दुकानात गेलो होतो. लॅबमधली रॅमची एक जुनी पट्टी बिघडली होती, आणि माझी गाडी असल्यामुळे मला जुंपलं होतं. दुकानदारानं काउंटरवर दोन पट्ट्या ठेवल्या. एक पुठ्ठ्याच्या पाकिटातली, नावाची. दुसरी नुसती, प्लास्टिकच्या पिशवीतली, पाठीवर कसलंच नाव नसलेली. दुसरी बरीच स्वस्त होती.

"मॅडम, आतमध्ये चिप एकच हाय," तो म्हणाला. "वरचं स्टिकर तेवढं अलग. नाव आलं का भाव वाढला."

"मंग याच्यावर नाव काहून नाही?"

"नावाचं काय करता? चालते ना!"

"चालून राहिलं म्हणजे चांगलं हाय असं नाही होत, भाऊ. उद्या बिघडलं त मी कोणाचं दार वाजवू?"

"लाइफटाइम गॅरंटी हाय ना मॅडम."

"कोणाची लाइफ? तुमची का पट्टीची?"

दुकानदार हसायला लागला. "तुम्ही त मुलगा पाहाले आल्यासारखं करून राहिल्या."

"मुलगा पाहतानाही नाव-गाव विचारतातच," मॅडम म्हणाल्या, आणि दुकानाचं शटर धरून नावाची पट्टी उचलली. घरी परतताना पूर्ण रस्ता त्या पाकीट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ते पाकीटही खोटं असेल का, ही नवी काळजी त्यांना गाडीत बसल्या बसल्या लागली होती.

त्यांची ही तऱ्हा आम्हाला करमणुकीची होती, तोवर सगळं ठीक होतं. मग आमच्या संस्थेनं लॅब ऑनलाइन परीक्षांसाठी भाड्यानं द्यायला सुरुवात केली. सरकारी नोकरीच्या परीक्षा. सावनेर, कन्हान, खापा, कुठून कुठून पोरं पहाटेच्या गाड्या धरून यायची, आणि आमच्या त्या कूलरच्या घरघरीत बसून त्यांचं पुढचं आयुष्य ठरायचं. मॅडमची भूक पहिल्या परीक्षेच्या आदल्या दिवसापासून मेली ती परत आली नाही.

त्या वर्षी मे महिन्यात संस्थेच्या सचिवसाहेबांनी, परीक्षा घेणाऱ्या एजन्सीच्या अटीप्रमाणे, सगळ्या संगणकांना जास्तीची रॅम टाकायचं ठरवलं. रॅम आली त्यांच्या पुतण्याच्या दुकानातून. सगळ्या पट्ट्या बिननावाच्या. एजन्सीची माणसं सकाळी येऊन तपासून गेली, सगळं हिरवं दाखवलं, सगळे खूश झाले. परीक्षेची तारीख पडली ती ऐन नवतप्यात, आणि शिफ्ट दुपारची.

मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाचे, नवतप्याचे ते नऊ दिवस नागपुरात कसे असतात हे नागपूरकराला सांगावं लागत नाही. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, नळाचं पाणी हात भाजतं. अशा दुपारी मॅडमनी लॅबच्या खिडक्या लावून घेतल्या, कूलर बंद केले, आणि सगळ्या संगणकांवर एकाच वेळी रॅमची चाचणी लावली. शिपायानं आत यायला साफ नकार दिला. मी पन्हं घेऊन गेलो तर मॅडम मधोमध खुर्चीवर, डोक्यावर ओला पंचा, मांडीवर कांद्याची पिशवी, आणि चहूबाजूंनी संगणकांचे निळे पडदे.

"मॅडम, वेड लागलंय का तुम्हाला? जिवाचं काही होईल."

"सकाळी सगळ्या पास झाल्या सर," त्या म्हणाल्या. "सकाळी कोणीही पास होते. मले दुपारचं पाहाचं हाय."

तीनच्या सुमाराला पहिली लाल ओळ उमटली. मग पलीकडच्या रांगेत दुसरी. मग एका पडद्यावर वरून खालपर्यंत लालच लाल. म्हणजे ती पट्टी तापल्यावर दिलेलं विसरत होती, किंवा भलतंच काही परत देत होती. आपलं म्हणणं खरं ठरलं की माणूस जरा तरी सुखावतो. मॅडमचा चेहरा रडवेला झाला होता. त्या एकेका लाल पडद्यासमोर जाऊन उभ्या राहत होत्या आणि पुटपुटत होत्या, "इथं कोण बसणार होतं बाप्पा, इथं कोण बसणार होतं."

सचिवसाहेबांनी त्यांनाच धारेवर धरलं. "तुम्ही मुद्दाम कूलर बंद करून मशीनं मारता."

"साहेब, लाइट गेली त कूलर बंदच होते ना, मशीनं बॅटरीवर चालूच राहतात," एवढंच मॅडम बोलल्या. नवी रॅम मिळाली नाही. मग त्यांनी जे केलं ते अजून आठवलं की हसू येतं. प्राचार्यांच्या संगणकातली पट्टी काढली. ग्रंथालयाचा संगणक मुका केला. ऑफिसातल्या बाईंना दोन दिवस हातानं दाखले लिहायला लावले. स्वतःच्या घरच्या संगणकातलीही आणली, पिशवीत कांद्याशेजारी, चांदीच्या कागदात गुंडाळून. अशा रीतीनं एकेक वाईट पट्टी बाहेर पडली. खिडकीकडच्या रांगेतलं शेवटचं मशीन तेवढं राहिलं. त्याची चाचणी चालू असताना लाइट गेली होती, बॅटरीही संपली होती, आणि पुन्हा लावायला वेळ उरला नाही. मॅडमनी त्यावर कागद चिकटवला, 'वापरू नये'.

परीक्षेच्या दिवशी मी पर्यवेक्षक होतो. पोरं फाटकाबाहेर उन्हात रांगेत होती. खाप्याहून आलेला एक माणूस, बसस्टँडसमोर त्याचं सायकलचं दुकान होतं, मुलीला सोडायला आला होता. कोणाला काही विचारायचं म्हणून त्यानं नेमकं मॅडमना गाठलं.

"मॅडम, माही पोरगी रोशनी. हिचा हा आखरी चान्स हाय. पुढच्या वर्षी वय निघून जाते. मशीन-बिशीन चांगलं द्या जी."

ज्या बाईला हे ऐकवायला नको होतं तिलाच त्यानं ऐकवलं. मॅडमनी फाटकाचा गज घट्ट धरला आणि नुसती मान हलवली.

आणि व्हायचं तेच झालं. आत गेल्यावर एका मशीनचा वीजपुरवठा जळाला, दुसऱ्याचा पडदा लागेना. राखीव मशीनं भरली. रोशनी उभीच राहिली होती. एजन्सीच्या माणसानं तो 'वापरू नये'चा कागद टरकन काढला आणि तिला खिडकीकडच्या शेवटच्या मशीनवर बसवलं. मॅडम धावत गेल्या. "दोन मिनिटं द्या, जळालेल्या मशीनची पट्टी काढून याच्यात टाकते." तो म्हणाला, डब्यांना सील लागलेलं आहे, आता कोणालाही उघडता येणार नाही. घंटा झाली.

मी मॅडमना हळूच म्हटलं, "मशीन बंद पडलं तरी उत्तरं सर्व्हरवर राहतात ना? तुम्हीच सांगितलं होतं."

"उत्तरं राहतात सर," त्या म्हणाल्या. "पोरीचं डोकं ठिकाणावर राहत नाही."

आणि त्या जाऊन रोशनीच्या मागे उभ्या राहिल्या. डब्याला हाताची मागची बाजू लावून, डोळे त्या बारीक हिरव्या दिव्यावर रोखून. शिफ्ट संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. बाहेर ऊन नुसतं ओतत होतं, कूलर दमट वारा फेकत होते, आणि खरं सांगतो, त्यांच्याकडे पाहून माझाही जीव टांगणीला लागला होता. मी दर थोड्या वेळानं त्या मशीनचा पडदा पाही. तो चालू होता.

मग माझं लक्ष मुलीकडे गेलं. तिनं एकदा मागे वळून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग कुर्त्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या. माउस सोडून दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले, कोणाला तरी दाखवावेत तसे, आणि मग पुन्हा माउस धरला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मी लांबून मॅडमना खूण केली, इकडे या. त्यांनी मला पाहिलंच नाही. त्यांना दिवा दिसत होता आणि हाताखालचा पत्रा कळत होता. मशीन शेवटपर्यंत एकदाही अडकलं नाही. शिफ्ट संपली तेव्हा मॅडमनी असा श्वास सोडला की शेजारच्या रांगेतली पोरं वळून पाहायला लागली.

फाटकात रोशनी त्यांची वाट पाहत उभी होती. डोळे सुजलेले.

"मॅडम, मी काय चोर हावो काय?"

मॅडमना कळेना.

"पूर्ण टाइम तुम्ही माह्याच मागे काहून उभ्या होत्या? बाकी कोणाच्याच मागे नाही. खाप्याची हाय म्हणून? माहे कपडे पाहून? मले काही सुचूनच नाही राहिलं होतं. गणितं सारे राहून गेले."

"बाई, मी तुह्या मागे नव्हती वं," मॅडमच्या तोंडून कसंबसं निघालं. "मी मशीनच्या मागे होती."

"मले काय मागचं दिसते?" पोरगी म्हणाली. बाप तिला खांद्याला धरून घेऊन गेला. मॅडम तिथंच उभ्या होत्या, भर उन्हात, आणि फाटकाचा लोखंडी गज हाताशी असून त्यांनी तो धरला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मशीनमधली पट्टी काढली आणि बंद लॅबमध्ये, कूलर न लावता, चाचणीला बसवली. मी पन्हं घेऊन गेलो. त्या पडद्याच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसल्या होत्या.

"सर, एक तरी लाल ओळ येऊ द्या," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलं नाही. मग कळलं. आयुष्यभर जी ओळ येऊ नये म्हणून ह्या बाईनं धसका घेतला, ती यावी म्हणून आज ती बसली होती. पट्टी वाईट निघाली तर मागे उभं राहण्याला काही अर्थ होता. उरलेला नवतपा त्या रोज दुपारी बसल्या. पडदा निळाच राहिला. पुतण्याच्या त्या साऱ्या मालातली ती एक पट्टी सोन्यासारखी चांगली होती.

"आता?" मी विचारलं.

"आता खाप्याले जायचं. निकालाच्या आधी."

"निकाल तर लागू द्या."

"निकालानंतर मी गेली त पोरगी पास झाली म्हणून गेली असं होते, नाही त नापास झाली म्हणून. माह्यानं जे झालं ते आजचं हाय."

मी गाडी काढली. त्यांनी आधी चारही चाकं दाबून पाहिली, स्टेपनीसुद्धा. सायकलचं दुकान लगेच सापडलं. मागच्या खोलीत रोशनी शेजारच्या पोरींची शिकवणी घेत होती. आम्हाला पाहून तिचा चेहरा बंद झाला. मॅडम खाली सतरंजीवर बसल्या आणि सगळं सांगितलं. पुतण्याचा माल, लाल ओळी, लाइट गेली ते, सील, दिवा. पिशवीतून ती पट्टी काढून तिच्यासमोर ठेवली. मग तेही सांगितलं जे सांगायची काही गरज नव्हती, की पट्टी चांगली निघाली.

रोशनीनं पट्टी उचलली, उलटसुलट केली. "याच्यासाठी?"

"हाव."

"मंग आता मी काय करू, मॅडम?"

"काहीच नको करू. तू चोर नव्हती, मले तुह्यावर शक नव्हता, हे तुले माहीत असावं म्हणून आली."

बाप बाहेर चाकात हवा भरत होता त्याचा आवाज येत होता. मग रोशनी उठली, माठातलं पाणी आणलं, आणि आधी मॅडमच्या हातात दिलं. जाताना ती दारापर्यंत आली नाही. मॅडमनीही तशी अपेक्षा केली नव्हती.

निकालात रोशनीचं नाव नव्हतं. मॅडमना तिचा क्रमांक पाठ होता, त्यांनीच आधी पाहिलं आणि येऊन मला सांगितलं. मी धीर द्यायला म्हटलं, "मॅडम, हजारो पोरं बसतात. तिचं तुमच्यामुळेच राहिलं असं थोडंच आहे?"

"कशानं राहिलं हे कोणालेच सांगता येत नाही ना सर," त्या म्हणाल्या. "पोरगी मशीन असती त टेस्ट लावली असती." मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

सचिवसाहेबांनी त्यानंतर नावाची रॅम घेतली. मॅडमच्या म्हणण्यानं नव्हे, दुसऱ्या एका परीक्षेत एक अख्खी रांग बंद पडली आणि पालक फाटकावर चढले म्हणून. पाकिटं आली तेव्हा मॅडमनी एकेक पट्टी गज धरून बसवली, दुपारी कूलर बंद करून तपासली, आणि सगळ्या पास झाल्यावरसुद्धा त्यांचा चेहरा काही सैल पडला नाही.

त्यांना शेवटचं कामावर पाहिलं ते पुढच्या वर्षीच्या नवतप्यात. त्यानंतर त्या निवृत्त झाल्या आणि पुण्याला मुलीकडे गेल्या. परीक्षा दुपारचीच होती, मी पर्यवेक्षक होतो, आणि मॅडम हॉलमध्ये नव्हत्या. पाणी प्यायला बाहेर आलो तर व्हरांड्यात लोखंडी स्टुलावर बसलेल्या दिसल्या. डोक्यावर ओला पंचा, पायाशी पिशवी. लू सरळ अंगावर येत होती.

"मॅडम, आत चला ना. इथं भाजून निघाल."

"नको सर. माह्यानं कोणी मागं वळून पाहाले नको." मग लगेच, "आतमधी कूलर चालून राहिले ना?"

"सगळे."

"दिवे?"

"सगळे हिरवे."

त्यांनी मान हलवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांचा उजवा हात मागे लॅबच्या भिंतीला लावलेला होता, मागच्या बाजूनं. मी पाणी पिऊन आत गेलो. दार लोटताना वळून पाहिलं, तर त्यांनी तो हात काढून घेतला होता, भिंतीनं भाजला म्हणून फुंकर घालत होत्या, आणि डावा हात भिंतीला लावला होता.